किल्ली देऊन तू बाहेर थांबायचास

प्रकाश, तुझी एक सवय मला कधीच कळली नाही. आता विचारायची सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसलोय. आपलं विकायचं घर बघायला कुणी आलं की तू किल्ली त्यांच्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, "जावा, निवांत बघून या. मी हितंच हाय." मग रस्त्याच्या पलीकडं माझ्या गाडीवर तिरका बसून शेंगा खात राहायचास. आत जाऊन हॉल दाखवावा, नळ सोडून दाखवावा, फरशी कुठली बसवली ते सांगावं, असलं काही नाही. मी पडलो रंगाच्या दुकानातला माणूस. गिऱ्हाईक आत आणि मालक बाहेर, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आत जायला निघालो की तू शर्टाला धरून मागं ओढायचास.

का, म्हणून विचारलं की दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणालास, गुडघा दुखालाय. एकदा म्हणालास, तुझ्या दुकानातल्या रंगाचा वास सोसत न्हाय. एकदा तर म्हणालास, "आत गेलो तर खोटं बोलीन की लेका." यातलं कुठलं खरं, यावर मी बराच काळ डोकं चालवलंय. तू गेल्यापासून तर रोजच चालवतोय.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुष्कळ माणसं आली होती. तुझ्या नोकरीबद्दल बोलली, विहारातल्या अभ्यासिकेबद्दल बोलली, तुझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं बोलता बोलता रडली. आपल्या घरांबद्दल मात्र कुणी बोललं नाही. ते माझं काम होतं. सुजातावहिनींनी माझ्याकडं बघितलंही, पण मला उठता आलं नाही. माझी आई, आपली अक्का, शेजारी बसली होती, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी बसूनच राहिलो.

म्हणून इथं सांगतो. आपण या धंद्यात पडलो ते तुझ्या मोबाइलमुळं. डिप्लोमाला आपण एका बाकावर होतो. तू इंजिनिअर होऊन सरकारी नोकरीत गेलास, मी विषय राहिल्यानं काकांच्या रंगाच्या दुकानात बसलो. चाळिशी उलटल्यावर एकदा दुकानात येऊन तू मला मोबाइलवर कुणीतरी कोटवाला दाखवलास. तो सांगत होता, जुनं घर घ्या, दुरुस्त करा, विका. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर चकाचक करा, पुढं गाडी लावायला जागा काढा, मग बघा. तू म्हणालास, "बांधकाम मी बघतो, रंग तुझा. भांडवल तेवढं काढाय पायजे." भांडवल अक्कानं काढलं. वडिलांच्या माघारी जयसिंगपुरातलं गोडाऊन मोकळंच पडलं होतं, ते तिनं विकलं. तू तुझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलंस. माझ्या मते तुम्ही दोघंही वेडी होता, पण मला कुणी मत विचारलं नव्हतं.

पहिलं घर शुक्रवार पेठेतलं. आठवतंय ना, मागं गोठा होता, शेणाचा वास भिंतीत मुरलेला. कोटवाल्यानं सांगितलं तसं आपण पहिलं काय केलं असेल तर तो गोठा पाडला. त्या जागी गाडी लावायला फरशी केली, ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवला, मी हस्तिदंती रंगाचे दोन हात दिले. आणि मग बसलो वाट बघत. येणारा प्रत्येक माणूस त्याच पेठेतला. आत जायचा, बाहेर यायचा आणि विचारायचा, "घर झ्याक हाय. पर म्हस कुठं बांधायची?" सगळ्या गल्लीत दुधाचा धंदा, आणि दोन शहाण्या माणसांनी गल्लीतला चांगला बांधीव गोठा पाडून तिथं मोटारीची सोय केली होती. ती मोटार त्या बोळातून आत येतच नव्हती, हे तर आपण नंतर मोजलं.

शेवटी गोठा परत बांधला. तू असा बांधलास की जुन्यापेक्षा बरा. तेव्हा ते पैलवानकी सोडलेले गृहस्थ आले, तू त्यांना किल्ली दिलीस, ते घरात न जाता निघून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. थोड्या वेळानं म्हैस घेऊन आले. म्हणाले, "पावणं, घर मी बघतो, गोठा हिला बघू दे. बोळात वळाय येतंय का तिला, ते कळंल." म्हैस बोळात वळली, गोठ्यात गेली, उभी राहिली. सौदा झाला. तू इतका हसलास की गाडीवरून उतरून भिंतीला टेकावं लागलं तुला. त्या दिवशी आपण कोटवाल्याला मोबाइलमधून काढून टाकलं.

त्यानंतर आणखी दोन घरं घेतली, नीट केली, विकली. त्यात तू एक नियम शोधून काढला होतास. बघायला आलेली नवराबायको बाहेर येऊन "छान आहे हो, प्रशस्त आहे" म्हणाली की घेणार नाहीत. पलंग कुठं आणि टीव्ही कुठं यावरून भांडत बाहेर आली की घेणार. मी हसायचो, पण तुझं खरं ठरायचं. राजारामपुरीच्या घराला ते निवृत्त मास्तर आणि त्यांची मंडळी आत गेली, दार लावून घेतलं आणि बाहेर येईनात. मी कासावीस. तू शेंगा सोलत म्हणालास, "आत भांडत असतील. घर गेलं समज." मास्तरीणबाई लाल तोंडानं बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "देवघर तिथंच होणार, यांना काय वाटतंय ते वाटू दे." मला अजून प्रश्न आहे की हे तू कुठं शिकलास. तुझ्या खात्यात तर हे शिकवत नसणार.

पण भाड्यानं द्यायचा विषय निघाला की आपली गाडी दर वेळी एकाच ठिकाणी अडायची. तुला घर ठेवायचं असायचं. म्हणायचास, "म्हस इकली की एकदाच पैसे. ठेवली तर रोज दूध." मला पटायचं. अडायचं ते अक्कापाशी. तिची अट पहिल्या दिवसापासून एकच होती: माझ्या पैशाच्या घरात मांसमच्छी शिजायची नाही. विकलेल्या घराचं तिला काही नव्हतं. तू तिला चिडवायचास, "अक्का, त्या पैलवानाच्या घरात काय शिजतंय बघाय जाऊया का?" ती शांतपणे सांगायची, "इकलं, त्येचं झालं. आपलं हाय तवर आपलं."

कोल्हापुरात शाकाहारी भाडेकरू शोधत बसणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग तुझ्याशिवाय सुरू होत नव्हती. आणि तोच तू आठवड्यातून एकदा ऑफिस सुटलं की गाडी हाणत आमच्या घरी यायचास, कारण अक्का दिवस मावळायच्या आत जेवते आणि तुला तिच्या हातची मुगाची उसळ हवी असायची. ती तुला पोटच्या पोरासारखं वाढायची. माझ्या ताटात भाकरी एक आणि तुझ्या ताटात न विचारता दुसरी.

एकदा मी पाटीचा मजकूरही लिहून आणला होता. "शाकाहारी कुटुंबास भाड्याने देणे आहे." तू वाचलास, घडी घातलीस आणि खिशात ठेवलास. म्हणालास, "सुकुमार, काय खाता असं इचारणारा दर वेळी जेवणाचंच इचारत असतोय, असं न्हाय."

मी म्हणालो, "अक्का तसली नाही, तुला माहीत आहे."

"अक्का न्हाईच तसली. पर पाटी वाचणाऱ्याला अक्का कुठं दिसतीया?"

मला राग आला होता. मी म्हणालो, आयुष्यभर जिनं एक व्रत सांभाळलं त्या म्हातारीला स्वतःच्या पैशाच्या घरापुरतं एवढं ठरवता येऊ नये का? तू बोलला नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडं उत्तर नाही. आता वाटतं, उत्तर असेलही, आणि अक्काच्या मुगाच्या उसळीपायी तू ते गिळलं असशील. कुठलं खरं? हे तरी सांगायचं होतंस.

फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला, ते बैठं घर घेतलं तेव्हा तू आधीच जाहीर केलंस, "हे इकायचं न्हाय." दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं पेरूचं झाड. तिथला पाऊस तिरपा येतो म्हणून तू खिडक्यांवर छज्जे वाढवून घेतलेस. विकायच्या घराला तू एवढं करत नव्हतास. मी विचारलं तर म्हणालास, ह्या खिडकीजवळ कुणीतरी बसणार हाय. कोण, ते तुलाही ठाऊक नव्हतं.

आपलं शेवटचं बोलणं त्याच अंगणात झालं. मी रंगाच्या छटांची पट्टी घेऊन उभा आणि तू म्हणालास, "पाटी काय लावायची ते आता अक्काला इचार." मी म्हणालो, तूच विचार, तुझं ऐकते ती. तू म्हणालास, "घर निम्मं माझं हाय. आई तुझी हाय." आणि हसत गाडीवर बसलास. पुढच्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. तू हृदय असं अचानक बंद पाडशील हे तुझ्या स्वभावात बसत नव्हतं. तू कुठलंही काम अर्धं सोडणारा नव्हतास.

मला वाटलं, सुजातावहिनींना तरी किल्लीचं कारण ठाऊक असेल. कार्यक्रमानंतर काही दिवसांनी घरी गेलो तेव्हा विचारलं. त्या आधी हसल्या, म्हणाल्या, "तुम्हाला पण न्हाय सांगितलं व्हय?" मग तुमच्या लग्नानंतरची एक गोष्ट त्यांनी सांगितली. तुझी बदली झाली होती आणि तुम्ही दोघं भाड्याची खोली शोधत होता. मालक परगावी होता, म्हणून शेजारच्यांनी किल्ली दिली. तुम्ही दोघंच आत गेलात. वहिनींनी डबे कुठं ठेवायचे ते ठरवलं, तू कपड्यांची दोरी कुठं बांधायची ते ठरवलंस. वहिनी म्हणाल्या, "तेवढ्यात माझा संसार मांडून झालता बघा." मग मालक आला. दारातच त्यानं आडनाव विचारलं, आणि खोली आधीच कुणाला तरी बोलून ठेवली असल्याचं त्याला आठवलं.

"पर ती खोली मला अजून आवडतीया," वहिनी म्हणाल्या. "त्यांनाबी आवडली हुती. तेवढा येळ ती आमचीच हुती की."

मी विचारलं, म्हणून तो किल्ली देऊन बाहेर थांबायचा? त्या म्हणाल्या, "असंल. मी बी कधी इचारलं न्हाय. गुडघा खरंच दुखायचा त्यांचा."

प्रकाश, मला हे उत्तर पुरत नाही आणि पुरतंही. तीस वर्षांच्या दोस्तीत तू मला ही खोली एकदाही सांगितली नाहीस. मी चिडलो असतो, त्या मालकाला शिव्या दिल्या असत्या, आणि मग तुला माझी समजूत घालत बसावं लागलं असतं. म्हणून सांगितली नसशील का? की मी पाटी लिहून आणली तेव्हा सांगणार होतास आणि माझं तोंड बघून थांबलास? माझ्या खिशात प्रश्नांची ही रास आहे आणि ऐकणारा कुणी नाही. मला तुझी आठवण येते, ती अशी प्रश्नांतून येते.

घर तयार झालं. शेवटचा हात मीच दिला, हलका पिस्ता, तुला आवडायचा नाही तो. पाटी लावली नव्हती, तरी कुणाकडून तरी कळून एक फोन आला. हुपरीची बाई होती. सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम, नवरा तेच करतो, आणि तिला कोल्हापुरात दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. बसचा रोजचा हेलपाटा झेपत नव्हता. घराचं भाडं विचारायच्या आधी तिनं दुसरंच विचारलं. "दादा, आधीच सांगा. तुम्हाला कसली माणसं लागत्यात? उगंच तिकीट काढून यायचं आन् दारातनं माघारी जायचं, आसं नको."

मी फोन कानाला धरून उभा. समोर अक्का सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी म्हणालो, घर तर बघून जावा, रविवारी या. फोन ठेवल्यावर मी अक्कापुढं बसलो आणि म्हणालो, "अक्का, फुलेवाडीच्या घराचं तुला विचारायचं होतं."

तिनं मान वर केली नाही. "मला इचारलास तर मी न्हाईच म्हणणार. माझं ठरलंय ते ठरलंय, ह्या वयात बदलत न्हाई." दोन खडे काढून बाजूला टाकले. "त्यो प्रकाश माझ्यासंगं एवढा वाद घालायचा. परवानगी कधी मागितला का?"

"नाही."

"मग तू कशाला मागालायस?"

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. हा होकार की नकार, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. तुला लगेच कळलं असतं, किंवा कळल्यासारखं तू केलं असतंस. मला एवढंच समजलं की ती त्या घराकडं कधी फिरकणार नाही, आणि मीही तिला चल म्हणणार नाही. तिचं व्रत तिच्यापाशी राहिलं. त्या बाजूनं मी जे तुला सांगत होतो, ते सगळंच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. तू समोर असतास तर आणखी एक फेरी झाली असती.

रविवारी ती दोघं आली. बाई पुढं, नवरा मागं, त्याच्या नखांत चांदीचं काळं बसलेलं. मी किल्ली दिली आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. कसंतरीच वाटत होतं. तिथून घर किती कमी दिसतं, हे मला तेव्हा कळलं. दार बंद झालं. थोड्या वेळानं पुढची खिडकी उघडली, मग स्वयंपाकघरातली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. पेरूच्या झाडाखालून बाईचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. एरवी आत जाऊन मी छज्ज्यांचं कौतुक सांगितलं असतं, रंग धुता येतो हे सांगितलं असतं, आणि ती दोघं माझ्या मागून मान हलवत फिरली असती. आता ती त्यांच्या मनानं फिरत होती. माझे डोळे भरून आले, ते सरळच सांगतो. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं असेल, डोळ्यांत धुरळा गेला.

बाई बाहेर आली ती ओढणीला हात पुसत. भाडं, अनामत, पाण्याची वेळ, सगळं विचारून झालं. मग ती थांबली. "मटाण शिजवलेलं चालतंय न्हवं? मागनं कटकट नको म्हणून इचारते."

मी म्हणालो, "स्वयंपाकघर तुमचं. मी कोण सांगणार?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो पायरीवर बसलेला उठून उभा राहिला. ती म्हणाली, "आडनाव न्हाय इचारलासा."

"करार करताना सांगा. कागदावर लिहावं लागतंय."

ती परत आत गेली, स्वयंपाकघराची खिडकी पुन्हा एकदा उघडून, लावून बघितली आणि कडी नीट बसते का ते बघून आली. पुढच्या महिन्यापासून राहायला येतायत. तुझ्या निम्म्या वाट्याचं वहिनींनी ठरवलंय, तसाच ठेवायचा म्हणाल्या, आणि करारावर आता तुझ्या जागी त्या सही करतील.

वाद तू जिंकलास, प्रकाश. हे तुला तोंडावर सांगायची पाळी माझ्यावर आली असती तेव्हा तू काय म्हणाला असतास, तेवढं ऐकायचं राहिलं.